राखमायची रेघ

तुमसरले आमची खोली राइस मिलच्या मांगं हाय. मिलमंदी धानाचा कोंडा जाळतात, त्याची काळी राख दिवसभर उडते, वाळत घातलेल्या लुगड्यावर पडते, झाकन काढलं का भातात पडते. संध्याकाळ झाली का मी बेबीले मांडीवर घेते आनि तिचे तळपाय पाहते. दोन्ही काळे. कोठं गेली होती, किती दूर गेली होती, काई समजत नाई, इथं सगळ्यायचेच पाय राखेचे. मंग मले राखमाय आठवते. पायावरून लेकराची वाट ओळखाची मले तिनंच शिकवली, आनि मी तिच्यासंग काय केलं ते मले ठाऊक हाय.

राखमाय हे नाव मीच ठेवलं. चुकून ठेवलं.

लग्न होऊन मी अड्याळच्या पलीकडं, तलावाच्या काठच्या गावात आली तवा रोवन्याचे दिवस होते. सगळ्या बाया बांधीत चिखलात वाकून धान रोवत आनि दुपारी धुऱ्यावर बसून शिदोरी खात. खाता खाता बोलत, "तुवं पोट्टं कोठं ठेवलंस व?" "ठेवलं ना त्या राखेपाशी." "राखेनं काल त्याचे कान धुऊन देल्ले, बापा, वळखूच नाई आला." मी नवी, खाली मान घालून आयकत होती. माह्या माहेरी ढोरं राखनाऱ्याले राख्या म्हनत. मले वाटलं, तसंच हे बाई लेकरं राखते म्हून राख. पन मोठ्या मानसाले नुसतं राख कसं म्हनाव? म्हून मी मनातल्या मनात तिच्या मांगं माय लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते तलावावर भेटली. काठावर उकिडवी बसून कढई घासत होती, मूठभर राख घेऊन, गोल गोल, जशी कढईच्या आंगावरून हात फिरवत होती. पंधरा-वीस बाया होत्या. मी पदर घेऊन गेली आनि सगळ्यायच्या समोर म्हनलं, "पाया पडते जी, राखमाय."

कोनीतरी पदर तोंडात कोंबून हासली. सासूनं माह्या दंडाले असा चिमटा घेतला का चार दिवस निळा होता. बुढीनं कढई खाली ठेवली.

"कोनाची सून हे?"

"माही," सासू म्हनली. "लहान हाय जी अजून. समजत नाई तिले."

बुढी माह्या तोंडाकडं पाहत होती, पन थोडीशी बाजूले पाहत होती, कानाकडं. तवा मले ते काई वाटलं नाई. मंग म्हनली, "ह्या सगळ्याजनी पाठीमांगं म्हनतात. तोंडावर म्हननारी तूच पहिली." आनि पुन्हा कढई घेतली. "म्हन, बाई. माय लावलंस ना मांगं, मंग चालते."

घरी आल्यावर सासूनं मले भिंतीशी उभं केलं. "अवो येडी, राख म्हंजे राखलेली बाई. मालगुजाराच्या भावानं राखली होती तिले. मालगुजारी गेली, तो भंडाऱ्याले निघून गेला, हे राहिली इथंच. तिले राख म्हनतात ते शिवी हाय, शिवी!"

मी रडली. वाटलं, आता हे बाई जल्मभर माह्यावर डूख धरन. पन तसं झालं नाई. लेकरायनं ते नाव उचललं, लेकरायच्या तोंडून मायायच्या तोंडात आलं, आनि एका वर्षात सारं गाव तिले राखमाय म्हनाले लागलं. शिवी होती ते नाव झालं. ते मले कदी भेटली तर म्हने, "काय व, माहं बारसं करनारे!"

तिचं घर तलावाच्या पारीखाली, म्हंजे बांधाखाली, पान्याच्या अंगाले होतं, एक खोली आनि समोर गवतानं शाकारलेली सपरी. घरात राखेचं गाडगं, सपरीत राखेची टोपली. दात राखेनं घासे, भांडे राखेनं घासे, वालाच्या दान्याले राख चोळून ठेवे म्हंजे कीड लागत नाई, दोडक्याच्या वेलावर राख टाके, लेकरू मुतलं का त्यावर राख टाकून झाडून घे. तिच्या बोटाच्या चिरा कायम पांढऱ्या. आमच्याकडं सगळे राखड म्हनतात, हे एकटी राख म्हने. "राखड म्हनलं का कचरा वाटते," म्हने.

रोवन्याच्या दिवसात पाच-सहा लेकरं तिच्यापाशी रायत. सकाळी त्यायच्या माया ठेवून जात, घरी जे असन ते सुपात घालून देत, तांदूळ, कनी, एखांद्या दिवशी वांगं. ते लेकरायचे नावं ठेवे. एक नागडा फिरे तो पटवारी. "ओ पटवारी, चड्डी घाला जी, मोजनी मंग करा." एक पोट्टी नुसतं दुसऱ्यायच्या तोंडात माती कोंबे, ते कंपाउंडरीन. एक रडका होता तो मंत्री, एक काठी घेऊन फिरे तो हवालदार. लाड म्हनशीन तर कवडीचा नाई. कोन्या लेकराचा मुका घेताना मी तिले पाह्यलं नाई. मी एकदा म्हनलं बी, तर म्हने, "लाड कराले माया हायत. मी राखाले बसली. लाड करताना डोळे मिटतात मानसाचे."

आनि तिची रेघ. सकाळी लेकरं यायच्या आंधी सपरीच्या कडेनं, जेथं वळचनीचं पानी पडत नाई तेथं, ते चार बोटं रुंद राखेची रेघ ओढे, या खांबापासून त्या खांबापर्यंत. लेकरायले म्हने, रेघेच्या अंदर माहं राज, रेघेच्या बाहीर पान्याचं. मंग दिवसभर एकेकाले जवळ ओढे, तळपायावरून आंगठा फिरवे, दोन बोटात चोळून पाहे आनि सोडून दे. आमाले वाटे नजर लागू नये म्हून करते, काई मंतर-बिंतर असन. आनखी एक तिचं होतं. लेकराच्या पायात वाजनारं काईतरी पायजे. वाळ्याले घुंगरू नसन तर ते स्वता दोऱ्यात सीसीचं बूच आनि खडा बांधून दे. बाया म्हनत, राखमायले हौस लय.

बेबी झाली तवा मी ठरवलं होतं, इले मी कोनापाशी ठेवनार नाई. त्याचं कारन सांगते. मी पाचवीत होती. माय धान कापाले जाये, मले म्हनली, शाळा राहू दे, धाकटीले राख. मी पाटी घेऊन बोडीच्या, लहान तळ्याच्या, काठावर बसली, धाकटी बाजूले खेळत होती, मी बाराखडी लिहीत होती. ढ पर्यंत लिहिली. वर पाह्यलं तर ते नव्हती. बोडीत कमरेइतकंच पानी होतं. त्यानंतर मी शाळेत गेली नाई, आनि मायनं मले त्याबद्दल कदी एक शब्द बोलला नाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

पन घर चालाचं तर रोवन्याले जावंच लागे. नवरा तुमसरच्या मिलमंदी हमाल, पंधरा दिवसानं ये. बेबी सव्वा वर्षाची झाली, तवा सासूनंच नेऊन तिले राखमायपाशी ठेवली. पहिल्या दिवशी मी बांधीतून तीनदा पळत गेली. चिखलाचे पाय, हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपाची, पेंडी तशीच. तुळसाबाई म्हनून एक होती, जिभेची मोठी तिखट, ते म्हनली, "अवो, गाय बी वासराले इतकी जात नाई. पान्हा फुटला का काय रस्त्यात?" सगळ्या हासल्या. तिसऱ्यांदा गेली तवा राखमाय चिडली.

"तुहं ध्यान कोठं असते व? पऱ्ह्याकडं नाई, पोट्टीकडं नाई, नुसतं वाटेकडं. अशानं लेकरू राखता येते काय?"

"भेव लागते जी मले."

"मले नाई लागत? भेव लागते म्हूनच राखता येते. पन भेवानं पळाचं नसते, बसाचं असते. बस इथं."

मी बसली. ते चुलीपाशी गेली. चूल विझलेली दिसत होती, नुसता राखेचा ढीग. तिनं काडीनं राख सारली तर अंदर लाल निखारा, सकाळचा, जसाच्या तसा. तिनं त्यावर पुन्हा राख लोटली.

"पाह्यलंस? माही आजी सांगे, आगपेटी नव्हती तवा रोज असंच करत. उघडी ठेवली तर आग विझते, नाई तर घर जाळते. राख टाकली का राहते. राख आगीले राखते, म्हून तिले राख म्हनतात. गाव म्हनते ते नाई." मंग बेबीचा तळपाय हातात घेऊन आंगठा फिरवला. "तुही पोट्टी तर कलेक्टरीन हाय. एकदा बी रेघ नाई वलांडली. जा आता."

मले ते लय खरं वाटलं. पन मी अर्धवट शिकलेली, मले वाटलं कोनाले तरी इचारून पाहाव. रोवन्याले एक दिवस उघाड नव्हती, पावसानं काम बंद होतं, तवा शाळेच्या वऱ्हांड्यात गुरुजी एकटेच बसले होते. मी बेबीले कडेवर घेऊन गेली आनि इचारलं, "गुरुजी, राख म्हंजे काय जी?"

गुरुजी आधी हासले, मंग त्यायले चांगलं वाटलं. सरळ होऊन बसले. "मूळ शब्द रक्षा. संस्कृत आहे. रक्षा म्हणजे सांभाळ. त्यावरून राखणं, राखण, राखी. बहीण भावाला बांधते ती. आणि चुलीतली राख, तीही रक्षाच. अंगाला लावली तर वाईटापासून रक्षण करते अशी समजूत, म्हणून. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी सावडतात, तिलाही रक्षा म्हणतात बघ."

"म्हंजे राखाचं आनि राख, एकच?"

"एकच."

"आनि तिसरी?"

गुरुजीनं चष्मा काढला, धोतराले पुसला, पुन्हा घातला. म्हनले, "पाऊस उघडतोय. जा तू, पोरगी भिजेल."

मी हे सगळं राखमायले जाऊन सांगतलं. तिनं आजीचं आनि गुरुजीचं, दोन्ही मान हालवून कबूल केलं. मंग म्हनली, "तिसरा नाई सांगतला त्यायनं?"

"नाई. चष्मा पुसाले लागले."

ते इतकी हासली का तिले ठसका लागला. "कसा सांगन बापा! त्याचा बाप मालगुजाराच्या बैठकीत पान खाले ये. मीच लावून देत होती पान." हासनं थांबलं. बाहीर पान्याची धार वळचनीवरून पडत होती. "मालगुजाराचा भाऊ बी मले म्हनला होता, तुले राखतो. मी सतरा वर्साची, मले वाटलं राखतो म्हंजे राखतो. तेरा वर्सं राखलं. मंग एक दिवस बंड्या भरल्या, भांडे भरले, पलंग भरला, पोपटाचा पिंजरा बी भरला. मी दारात उभी. मले वाटलं, शेवटी बोलावन. खुंटीले सूप टांगून ठेवते ना मानूस, तसं ठेवलं होतं मले. सूप राहिलं टांगलेलं."

तिनं असं ते एकदाच सांगतलं.

आता पुढचं.

रोवना सरत आला होता, आठ-दहा बांध्या राहिल्या होत्या. दुपारी पाऊस जरासा थांबला, मी शिदोरी तशीच टाकून दबक्या पायानं राखमायच्या घरी गेली. मले पळत आलेली पाहून ते चिडते म्हून हळूच गेली. हाताच्या बांगड्या चिखलात निसटतात म्हून मी दंडापर्यंत वर सारून चिंधीनं बांधल्या होत्या, कायचा आवाज नाई. सगळे लेकरं झोपले होते, बेबी सपरीच्या कडेले. मी रेघेवर पाय टाकून अंदर गेली, तिले उचलली, खांद्यावर टाकली. ते जागी झाली नाई, घुंगरू वाजलं नाई. राखमाय माह्या समोर दोन हाताच्या अंतरावर बसली होती, तोंड माह्याकडं. मी हासली. ते हासली नाई.

ते माह्या आरपार पाहत होती.

मंग तिनं हात लांब केला आनि लेकरं मोजले. डोक्यावर हात ठेवून. पटवारी, एक. कंपाउंडरीन, दोन. मंत्री, तीन. हवालदार, चार. मंग हात बेबीच्या जागेवर आला, गोधडीवर, रिकाम्या गोधडीवर. पुन्हा चाचपली. "बेबी? व बेबी?" आवाज लहान झाला होता. कान तलावाकडं केला, श्वास धरला. मंग बुढी हातावर-गुडघ्यावर रांगत रेघेपाशी गेली आनि या खांबापासून त्या खांबापर्यंत रेघेवर पंजा ठेवत ठेवत गेली, कोठं मोडली ते शोधत. सापडलं तिले. माह्या पायाचा ठसा. बोटानं त्याची लांबी मापली.

"मोठा पाय हाय," म्हनली. "कोन हाय? अंदर आला हाय, बाहीर गेला नाई. कोन हाय, बोल ना व!"

मी उभी, पोट्टी खांद्यावर, आनि माह्या डोळ्यासमोर बोडी होती, पाटी होती, ढ होता. इतके दिवस मी माही पोट्टी आंधळ्या बाईपाशी ठेवत होती. तलावाच्या काठाले. मंग बेबी हालली, घुंगरू वाजलं, आनि राखमाय जागच्या जागी बसली.

"पाह्यलंस?" तिनं इचारलं.

"हो जी."

"दोन वर्सं झाले. सावली दिसते, उजेड दिसते. लेकरायच्या मायले नाई सांगतलं. सांगतलं असतं तर कोनी ठेवलं असतं?" तिनं माहा पाय चाचपून धरला. "एक लेकरू नाई गेलं माह्या रेघेतून. डोळेवाल्यायचे जातात. आठ दिवस राहिले, रोवना होऊ दे. मंग मीच सांगीन सगळ्यायले. सांगशीन काय तू?"

मी म्हनलं, "नाई सांगनार."

आनि त्याच संध्याकाळी सांगतलं. तव्यावरच्या दोन भाकरी जळल्या, सासू म्हनली काय झालं, आनि माह्या तोंडातून सगळं निघालं. "तुमी कोनाले सांगू नका जी," म्हनलं. सासूनं फक्त तुळसाबाईले सांगतलं. सकाळी पान्याले गेली तर सगळा घाट तेच बोलत होता. "आंधळी राख," तुळसाबाई म्हनली, आनि या वेळी कोनी माय लावलं नाई. मी बी नाई.

तुमी म्हनान, बरोबर केलं. मले बी असं वाटते. लेकराची गोष्ट होती. डोळे नसलेल्या बाईपाशी पान्याच्या काठाले कोन ठेवन? दिवसातून दहा वेळा मी स्वताले हेच सांगते. पन मी नाई म्हनलं होतं, आनि तिनं तवा माहा पाय धरलेला होता.

त्या दिवसापासून लेकरं धुऱ्यावर. कोनी टोपलीत, कोनी पोत्यावर, अंगावर माशा. राखमायच्या घरावरून रस्ता जाये म्हून मी पारीच्या दुसऱ्या अंगानं फिरून जाये. एक दिवस फिरून जातानाच सपरीतून आवाज आला, "कलेक्टरीन चालली काय व?" घुंगरू आयकलं होतं तिनं. मी बेबीचा पाय मुठीत दाबला, घुंगरू वाजू नये म्हून, आनि तशीच गेली. सपरीच्या कडेले रेघ ओढलेली होती. ताजी.

शेवटच्या बांधीचा दिवस. मी बेबीले जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बाभळीले बांधलं होतं, कमरेले. पाच रोपं रोवाचे आनि पाहाचं. पाच रोवाचे आनि पाहाचं. तुळसाबाई म्हनली, "अशानं तुही ओळ दिवाळीले होईन." मी पाच रोवले, पाह्यलं. पाच रोवले, पाह्यलं. पाच रोवले, पाह्यलं, आनि पट्टी खाली पडली होती, गाठ तशीच, अंदर पोट्टी नाई.

मी वरडली का नाई ते मले माहीत नाई. पळाली. पारीवर लहान पाय उमटले होते, पान्याच्या अगदी काठानं, मंग गवत होतं, गवतात काई दिसत नव्हतं. तलाव तोंडापर्यंत भरलेला, कमळाचे पानं हालत होते. मी पान्यात उतरली, मांडीपर्यंत गेली, हातानं पानी सारत होती, कोठं सारू, केवढा तो तलाव. मंग घुंगरू वाजलं. मांगं.

बेबी राखमायच्या सपरीत बसली होती. राखमायनं तिचा एक पाय हातात धरलेला होता आनि आंगठा फिरवत होती, हळूहळू, जसा काही पहिल्यांदाच पाय पाहते.

"राख लागली हाय," म्हनली. माहे भिजलेले पाय वाजले असतीन, तिले समजलं मीच हाय. "दोन्ही पायाले लागली. आजवर ज्याच्या पायाले लागली तो बाहीर जानारा. हे बाहीरून अंदर आली. अशी कोनी आली नव्हती." मंग म्हनली, "वास घे तिचा. पान्यात नाई गेली. सुकी हाय."

मांगून बाया आल्या, तुळसाबाई धापा टाकत, सासू छाती पिटत. "वाचली बाई, देवानं वाचवली!" तुळसाबाई म्हनली. राखमायनं बेबीचा पाय सोडला.

मले तवा एकच वाक्य बोलाचं होतं. राहू द्या इले इथंच. बस इतकंच. जिभेवर आलं होतं. सगळ्या बाया माह्याकडं पाहत होत्या, सासू पाहत होती, आनि ज्या एका मानसानं पाहाव असं मले वाटत होतं त्या मानसाले दिसत नव्हतं. मी बेबीले उचलली आनि खाली मान घालून निघाली. रेघ ओलांडताना माहा ओला पाय त्या राखेत रुतला, चिखल झाला तिचा.

धान कापून झालं आनि नवऱ्यानं तुमसरले खोली घेतली. मी गेल्यावर गावात तिचं काय झालं ते मले तुकड्या-तुकड्यानं समजलं. कोनी कनी नेऊन दे, कोनी नाई दे. उन्हाळ्यात सासू इकडं आली तवा बोलता बोलता म्हनली, "ते राखमाय गेली बापा. दोन दिवस घर उघडलंच नाई." कोतवाल नाव लिहाले आला तर कोनालेच तिचं नाव माहीत नव्हतं. मंग राशनचं कारड शोधलं. त्यावर फुलवंता होतं.

मी इचारलं, "आनि तिची राख? कारध्याले नेली काय कोनी, वैनगंगेत?"

"कोन नेते व? जाळलं तलावाच्या अंगाले. पानी आलं असन, गेली असन तलावात."

ज्या पान्यापासून ते लेकरं राखे, त्याच पान्यात. मी चुलीपुढं बसली राहिली. सासूले वाटलं मले धूर लागला.

पन मी तिले शेवटची पाह्यली ते गाव सोडलं त्या दिवशी. पूस महिना, सकाळचं धुकं, आमची बंडी सामान घेऊन पारीवरून चालली होती, अड्याळच्या एष्टीसाठी. त्या दिवशी फिरून जाता येत नव्हतं, बंडीले तोच एक रस्ता. खाली राखमायची सपरी दिसत होती. ते रेघ ओढत होती. गावात रोवना नाई, बांध्या कापलेल्या, एक लेकरू कोनी आनून ठेवनार नाई, आनि ते टोपलीतून मूठ मूठ राख घेऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत ओढत होती. ओढून झाली तवा पंजा ठेवत ठेवत पुन्हा फिरून आली, कोठं मोडली तर नाई ते पाहाले.

मी बेबीचे दोन्ही पाय पदरात गुंडाळून धरले होते. पन तोंड कसं धरनार? तिले सपरी दिसली आनि ते वरडली, "लाकमाय!"

राखमायनं मान वर केली. बैलाच्या घुंगराचा आवाज चारी अंगानं येत होता, धुक्यात तिले समजलं नसन कोठून. ते तलावाकडं तोंड करून उभी राहिली आनि राखेनं भरलेला हात वर केला. आमी दुसऱ्या बाजूले होतो.